हजेरीचा हिशेब

२०२० चा सप्टेंबर. उलव्यातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा पंचविशीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. तोंडाला रुमाल बांधलेला, हातात कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. म्हणाला, "काकू, तुम्ही टाइम ऑफिसात होता ना? हे जरा बघून देता का?"

जून महिन्यात ठेकेदाराने त्याला फोनवर सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात तो पॅकिंगला होता. २०१८ च्या एप्रिलमध्ये लागला तेव्हा बस बदलत जायचा. त्याच वर्षी नोव्हेंबरात खारकोपरहून लोकल सुरू झाली, तेव्हा आपला दिवस दीड तासाने वाढला म्हणून आईला पेढे घेऊन आला होता. आता पगार नाही, घरभाडं थकलेलं. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की ईएसआय कापत असेल तर बेकारीचे पैसे मिळतात.

खरं होतं ते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' १ जुलै २०१८ पासून सुरू होती. नोकरी गेलेल्या विमेदाराला आयुष्यात एकदा, नव्वद दिवसांपर्यंत, सरासरी रोजच्या कमाईच्या पंचवीस टक्के. साथीच्या काळात ऑगस्ट २०२० मध्ये महामंडळाने ते पन्नास टक्के केले आणि २४ मार्च २०२० पासून नोकरी गेलेल्यांना लागू केले. अटीही सैल झाल्या. पूर्वी नोकरी गेल्यावर नव्वद दिवस थांबावं लागे, आता तीस. पूर्वी अर्ज मालकाच्या हातून जायचा, आता कामगाराने थेट शाखा कार्यालयात द्यायचा. दोन वर्षं विमेदार असण्याची अट राहिली. आणि एक आकडा राहिला: अठ्ठ्याहत्तर. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत तेवढीच.

मी टेबलावर कागद मांडले. पगार महिना चौदा हजार, म्हणजे दिवसाला सुमारे ४६० रुपये. त्याचे निम्मे २३०. नव्वद दिवसांचे २०,७००. त्याच्या घरभाड्याचे तीन महिने निघाले असते. मग मोबाइलवर त्याच्या विमा क्रमांकाची वर्गणी उघडली. ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२० या सहामाहीत त्याच्या नावावर दिवस होते एकसष्ट.

"पण मी रोज गेलोय काकू. दिवाळीतसुद्धा."

त्याचं खोटं नव्हतं. ठेकेदाराने पगारातून ईएसआय दर महिन्याला पुरता कापला होता, पण वर कळवताना महिन्याचे दहा-अकरा दिवसच दाखवले होते. सतरा दिवस कमी. बेकार म्हणून मोजलं जायचं तर आधी कामगार म्हणून मोजलं जावं लागतं, आणि तो मोजलाच गेला नव्हता.

मी बरीच वर्षं लोकांची हजेरी मांडण्यात घालवली. माझे वडील त्याच हजेरीच्या पायी झिजले, आणि माझी आजी तिच्याचसाठी उन्हात खडी फोडत बसली. म्हणून आपल्याकडच्या बेकारी भत्त्याचा इतिहास मला सरकारी योजनांच्या यादीसारखा दिसत नाही. तो मला एका रजिस्टरासारखा दिसतो. कुणाचं नाव त्यात आलं, कुणाचं राहिलं, आणि ते कुणी लिहिलं.

*

अण्णा, म्हणजे माझे वडील, १९६१ साली माण तालुक्यातून गिरणगावात आले. गावकीतल्या एकाच्या ओळखीने साच्यावर बदली म्हणून लागले. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा. रोज पहाटे गिरणीच्या दारात जायचं, हातात बदली पास धरायचा आणि पुकारा होण्याची वाट बघायची. नाव आलं तर आठ तास काम, नाही आलं तर परत खोलीवर. ही पद्धत जुनीच. आधी सगळं जॉबरच्या, म्हणजे माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीवर चाले. कुणी त्याला कोंबडी द्यायचं, कुणी दारू पाजायचं. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली आणि नोंदलेल्या बदल्यांना कार्ड दिली. त्यामुळे जॉबरचा जाच काहीसा कमी झाला. पण दारात उभं राहिलेल्या आणि काम न मिळालेल्या दिवसाची किंमत शून्यच राहिली.

अण्णांचा तो पास माझ्याकडे आहे. कडा झिजून गोल झाल्यात. त्यावर काम मिळालेल्या दिवसांच्या खुणा आहेत, रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची खूण कुठेच नाही.

सरकारने या रिकाम्या दिवसांकडे पाहिलंच नव्हतं असं नाही. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद पहिल्यांदा भरली. हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने तिथे गेले होते नारायण मल्हार जोशी. मी आता राहते त्याच जिल्ह्यातले ते, तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगडमधल्या गोरेगावचे. त्या परिषदेत बेकारीवर एक करार झाला. सरकारांनी बेकारीची माहिती ठराविक मुदतीत कळवावी आणि कामगारांना काम शोधून देणारी फुकट कचेरी चालवावी, असं त्यात होतं. हिंदुस्थान सरकारने १९२१ मध्ये त्यावर मान्यतेची मोहोर उठवली आणि १९३८ साली त्यातून अंग काढून घेतलं. मधल्या सतरा वर्षांत बेकार मोजायची पद्धत काही बसली नाही.

इंग्लंडात तोवर बेकारीचा विमा रुजला होता. १९११ च्या कायद्याने बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा ज्या धंद्यांत काम कधी असतं कधी नसतं, तिथल्या कामगारांसाठी तो आला. कामगार आणि मालक आठवड्याला अडीच-अडीच पेन्स भरत, सरकार वरून भर घाली. काम गेलं की आठवड्याला सात शिलिंग, वर्षाला जास्तीत जास्त पंधरा आठवडे. वर्गणीची तिकिटं पुस्तकात चिकटवायची आणि काम सुटलं की ते पुस्तक सरकारी कचेरीत नेऊन द्यायचं. तिथेही सगळा भार त्या पुस्तकावर होता, पण ते पुस्तक त्या धंद्यांतल्या प्रत्येकाला मिळायचं.

आपल्याकडे तसं करावं का, याचा विचार व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने केला. १९२९ साली नेमलेल्या या आयोगात ना. म. जोशीही सभासद होते. १९३१ च्या अहवालात निष्कर्ष निघाला की देशव्यापी बेकारी विमा हिंदुस्थानात तूर्त शक्य नाही. गिरणीतला माणूस सुगीला गावी जातो, कामावरून कामावर फिरतो, कायमचा कामगार म्हणून बोट ठेवावं असा तो नाहीच, ही त्या काळच्या विचारामागची मोठी अडचण होती. अण्णांच्या पिढीला हे चांगलं माहीत होतं. तो माणूस गावी जायचा, कारण इथे काम गेल्यावर त्याला धरून ठेवणारं दुसरं काही नव्हतं. विमा नाही म्हणून गाव सुटत नव्हतं, आणि गाव सुटत नाही म्हणून विमा मिळत नव्हता.

१९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच काळात, १९४३ मध्ये, बी. पी. आडारकरांकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचं काम आलं. आडारकरांचा अहवाल १९४४ चा. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये मुंबईत आली. आजारपण, बाळंतपण, कामावरची दुखापत, मृत्यूनंतर कुटुंबाचा आधार, एवढं तिच्यात होतं. बेकारी नव्हती. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात बेकारीच्या वेळी सरकारी साहाय्याचा हक्क लिहिला गेला, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ती कुवत यायला पुढे अर्धं शतक लागलं.

*

मधल्या काळात बेकारीचं ओझं मालकाच्या खात्यावर टाकून पाहिलं गेलं. १९५३ साली गिरण्यांत कापडाचे साठे पडून राहिले आणि हजारोंना घरी बसवलं जाण्याची भीती उभी राहिली. ऑक्टोबरमध्ये वटहुकूम निघाला आणि मागोमाग औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली. ले-ऑफ दिला तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम, कायमचं कमी केलं तर नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. कामगाराच्या भाषेत 'वर्षाला पंधरा दिवस'. हा आकडा गिरणगावात पोरासोरांनाही पाठ होता.

पण वर्ष पुरं झालं हे ठरवायचं कसं? कायद्याने सांगितलं, बारा महिन्यांत २४० दिवस काम केलं की वर्ष धरायचं. तिथून तो आकडा कामगारांच्या नशिबावर बसला.

१९८५ मध्ये मी बी. कॉम. झाले आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला लागले. मस्टर ही माझी जबाबदारी. लांबलचक रजिस्टर, आडव्या ओळीत नाव, उभ्या रकान्यात तारखा. तात्पुरत्या कामगारांसाठी वेगळं मस्टर असायचं. माझ्या वरच्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं की या मस्टरमध्ये प्रत्येकाच्या दिवसांची बेरीज पेन्सिलीने कोपऱ्यात करत जायची. बेरीज दोनशे वीस-तीसच्या आसपास आली की त्या माणसाच्या ओळीवर लाल रेघ मारायची. त्याला म्हणत ब्रेक. आठ-पंधरा दिवस घरी. परत आला की नवं कार्ड, नवा नंबर, बेरीज पुन्हा एकपासून.

ही पद्धत त्या एकाच कारखान्यात होती असं नाही. पट्ट्यातल्या कामगारांना 'ब्रेक' हा शब्द कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. पण आमच्या मस्टरमधल्या रेघा माझ्या हातच्या होत्या. एक माणूस सहा वर्षं आमच्याकडे होता आणि कागदावर त्याचं एकही वर्ष पुरं झालेलं नव्हतं. १९९३ मध्ये त्याला कायमचं घरी बसवलं तेव्हा पंधरा दिवस गुणिले शून्य झालं. तो मला काही बोलला नाही. जाताना फक्त विचारलं, "ताई, तुमच्या वहीत मी किती दिवस आलो?"

मला आकडा माहीत होता. मी सांगितला नाही.

*

रिकाम्या दिवसाची हजेरी लागली, अशा दोन जागा आपल्याकडे होऊन गेल्या. त्यांतली एक उलव्याहून पाण्यापलीकडे दिसते.

मुंबई गोदीत काम बोटीवर अवलंबून. बोट आली तर शेकडो माणसं लागणार, नाही आली तर कुणी नाही. १९४८ मध्ये गोदी कामगारांसाठी कायदा झाला आणि १९५१ मध्ये मुंबईची योजना आली. डॉक लेबर बोर्डाने कामगारांची नोंद केली. नोंदलेला माणूस पाळीला हजर राहिला आणि काम निघालं नाही, तरी त्याला हजेरी भत्ता मिळू लागला, शिवाय महिन्यात ठराविक दिवसांच्या मजुरीची हमी. अण्णांच्या गिरणीच्या दारात जो दिवस शून्य होता, दोन-तीन मैलांवर गोदीत त्याच दिवसाचे पैसे होते. शहर तेच, काम तितकंच अनिश्चित. फरक एवढाच की गोदीत 'मी आलो होतो' हे लिहून घ्यायला मालक सोडून दुसरं कुणीतरी बसलं होतं.

महाराष्ट्राने हा धडा पुढेही गिरवला. १९६९ चा माथाडी कायदा अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आला. मंडळाकडे नोंद, मंडळाकडे मजुरी जमा, मंडळाकडूनच वाटप. १९८१ मध्ये खाजगी सुरक्षारक्षकांसाठी तसंच मंडळ आलं. वाशीच्या बाजारात पाठीवर गोण वाहणारा माणूस माथाडी असेल तर त्याची हजेरी मालकाच्या खिशात नसते, आणि त्याच्या चालण्या-बोलण्यातही हे जाणवतं.

दुसरी जागा खेड्यातली. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी माणमध्ये खडी फोडायला जायची. तेव्हा मी आठ वर्षांची होते, सुट्टीत गावी नेलं होतं. रस्त्याच्या कडेला बाया ओळीने बसलेल्या, डोक्यावर पदर, हातात हातोडी, समोर मोजायचा ढीग. दुपारी सुकडी वाटायचे, तिची चव अजून जिभेवर आहे. संध्याकाळी मुकादम मस्टर घेऊन यायचा आणि आजी शेजारणीला हमखास विचारायची, "हजरी लागली का गं?" पैसे कधी मिळणार हे ती नंतर विचारायची.

रोजगार हमी योजना त्याच वर्षीची. तिचे जनक वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५ मध्ये त्यांनी तासगावात कल्पना करून पाहिली होती. दुष्काळाने ती राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून अंमल आला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. महाराष्ट्राने खेड्यातल्या अंगमेहनतीच्या माणसाला बेकारीच्या भरपाईचा कायदेशीर हक्क दिला, तोही देशाने २००५ मध्ये तसा कायदा करण्याच्या पाव शतक आधी.

आणि पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय करातून. पगाराच्या स्लिपवर 'पीटी' म्हणून जे दिसतं ते हेच. आजही कित्येकांचे महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे कापले जातात. मी वर्षानुवर्षं ती कपात मांडली. शहरातल्या नोकरदाराने दुष्काळी भागातल्या माणसाचा विमा भरावा असा तो करार होता. सरकार त्यात तेवढीच भर घालायचं. स्लिपवरची ती ओळ कुणी शिव्या देत वाचली की मी आजीच्या सुकडीची गोष्ट सांगायचे.

पण तो बेकारी भत्ता प्रत्यक्षात फार थोड्यांच्या हाती पडला. काम मागितल्याची तारीख टाकलेली पोच हाती असेल तरच पंधरा दिवस मोजता येणार. पोच मिळत नसे. माझ्या आजीने काम कधीच कागदावर मागितलं नाही. ती सकाळी जाऊन बसायची.

*

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अण्णा तोवर कायम झाले होते, एकवीस वर्षं भरली होती. पहिले सहा महिने आम्ही गावाकडच्या ज्वारीवर काढले. मग आईने शिवण घेतलं आणि माझ्या भावाने शाळा सोडली. संप कुणी अधिकृतपणे मागे घेतला नाही. तो विरत गेला.

१५ सप्टेंबर १९८६ ला केंद्र सरकारने वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी सुरू केला. ज्याला खऱ्या अर्थाने बेकारी भत्ता म्हणावा असं शहरी कामगाराच्या वाट्याला आलेलं हे पहिलं काही. पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. उतरती पायरी, म्हणजे माणसाने तोवर दुसरं काही बघावं. अण्णांनी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून ठेवलं आणि युनियनच्या माणसाकडे गेले.

ते परत आले ते तासाभरात. निधी कायमच्या बंद पडलेल्या गिरण्यांतल्या कामगारांसाठी होता, आणि गिरणी बंद होण्याच्या तारखेला तो माणूस तिथे कामावर असायला हवा होता. अण्णांची गिरणी बंद पडली नव्हती. ती निम्म्या माणसांत सुरू झाली होती आणि त्या निम्म्यांत अण्णा नव्हते. कायद्याच्या भाषेत त्यांची नोकरी गेली नव्हती, त्यांना कमीही केलं नव्हतं. ते संपावर होते. चार वर्षं घरात बसलेला माणूस बेकारीच्या कुठल्याच रकान्यात बसेना. त्यांनी कात्रण घडी करून बदली पासाबरोबर ठेवलं. १९९१ नंतर गिरण्यांच्या जमिनींचे भाव निघाले तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र वाचणंच सोडलं.

*

उलव्यात मी २०१३ मध्ये राहायला आले, निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना. तेव्हा इथे इमारती कमी आणि चिखल जास्त होता. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी अशी गावं अजून जागेवर होती. विमानतळासाठी दहा गावठाणं हलली तेव्हा आमच्या समोरच्या रस्त्यावरून टेंपोतून घरांची दारं-खिडक्या जाताना मी पाहिल्या.

या भूमीला हजेरी आणि कागदाची गोष्ट नवी नव्हती. १९७० मध्ये सिडको आली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. जासईचे दि. बा. पाटील उभे राहिले. १९८४ च्या १६ आणि १७ जानेवारीला झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क निघाला. माझ्या ओळखीच्या एक आगरी आजी सांगतात, त्यांचा नवरा जन्मभर मिठागरावर खपला, पण सातबारा दुसऱ्याचा. मिठागर गेलं तेव्हा जमीनवाल्याला जमिनीची भरपाई मिळाली. याचं काम गेलं त्याची नोंद कुणाकडे असणार? खाडीतलं मीठ उचलताना कुणी मस्टर भरलं नव्हतं.

त्याच पट्ट्यात १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर उभं राहिलं आणि पलीकडच्या मुंबई गोदीचं काम कंटेनरमधून इकडे आलं. काम आलं, पण गोदीतला हजेरी भत्ता पाण्याच्या या बाजूला आला नाही. इथली बरीच माणसं ठेकेदाराच्या हजेरीवर आहेत.

*

१ एप्रिल २००५ रोजी कर्मचारी राज्य विम्यात बेकारी पहिल्यांदा शिरली. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना. कारखाना बंद पडला, कामगार कमी केला गेला किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने तो कायमचा अपंग झाला, तर पगाराच्या निम्मा भत्ता. सुरुवातीला पाच वर्षांची वर्गणी लागे आणि भत्ता सहा महिने मिळे. पुढे मुदत वाढत दोन वर्षांवर गेली, वर्गणीची अट दोन वर्षांवर आली. चांगली योजना होती. पण 'कमी केलं' हे मालकाने लिहून द्यावं लागे. ठेकेदार लिहून काय देतो ते मी पट्ट्यात जन्मभर वाचलं: 'स्वतःहून काम सोडले.' त्या तीन शब्दांनी भत्ता संपतो.

म्हणून २०२० चा बदल मला मोठा वाटतो. मालकाची सही वाटेतून बाजूला झाली. नोव्हेंबरात स्टॅम्पपेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अटही गेली. विमा क्रमांक, आधार, बँकेचं पासबुक आणि कामगाराचा स्वतःचा शब्द. अडतीस वर्षं आधी अण्णांना असं काही मिळालं असतं तर माझा भाऊ शाळेत राहिला असता.

पण अठ्ठ्याहत्तर राहिलेच, आणि ते दिवस भरणं अजून ठेकेदाराच्याच हाती होतं.

त्या मुलाचे सतरा दिवस शोधायला आम्हाला पाच रविवार लागले. बँकेतल्या पगाराच्या नोंदी काढल्या. कारखान्याच्या गेटवरचे पास त्याने देवाच्या फोटोमागे ठेवले होते, ते मिळाले. त्याच्या फोनमध्ये पाळीच्या ग्रुपवर सुपरवायझरने रोज टाकलेल्या नावांच्या याद्या होत्या, त्यांचे फोटो छापून घेतले. एका कागदावर तारखांची उभी ओळ आखली आणि प्रत्येक तारखेसमोर पुरावा लिहिला. इतक्या वर्षांनी मी पुन्हा मस्टर मांडत होते, या वेळी कामगाराच्या बाजूने. अर्जात १९४८ च्या राज्य विमा कायद्याचं ६८ वं कलम लिहिलं. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल तर महामंडळाने तो द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी, असं त्यात होतं. अर्जाची एक प्रत ठेकेदाराला पाठवली. त्याने पंधरा दिवसांत उरलेल्या दिवसांची वर्गणी भरून टाकली.

जानेवारी २०२१ मध्ये पैसे मुलाच्या खात्यात आले. त्याने मला मेसेज दाखवला आणि मग बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. मला ब्रेक दिलेला तो सहा वर्षांचा माणूस आठवत होता. त्याचे गेटपास कुणी शोधले नव्हते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या. ज्या कायद्यांच्या कलमांनी माझं आयुष्य भरलं होतं ते त्यांत विरघळले. कमी केलेल्या कामगाराच्या नावे मालकाने पंधरा दिवसांचा पगार वेगळा जमा करावा, असा नव्या कौशल्यासाठीचा निधी त्यांत आहे. अॅपवर काम करणाऱ्यांना कायद्यात पहिल्यांदा नाव मिळालं. संध्याकाळी आमच्या सेक्टरच्या चौकात ती मुलं स्कूटरवर बसून ऑर्डरची वाट बघत असतात, हातात फोन धरून, नाव पुकारलं जाण्याच्या आशेने. मला त्यांच्यात अण्णा दिसतात. फरक हा की आता त्यांचं थांबणंसुद्धा मिनिटामिनिटाने कुठेतरी लिहिलं जातंय. इतकी चोख हजेरी माणसाची यापूर्वी कधी लागली नसेल. ती हजेरी त्यांच्या हातात यायला हवी. बेकारीचा विमा त्यांच्यापर्यंत पोचवायचा असेल तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. बेकार मोजता येत नाहीत ही अडचण १९३१ ला होती, आता नाही.

तोवर माझ्या हाती आहे ते मी करते. इमारतीतलं कुणी नव्याने कामाला लागलं की पहिल्या पगाराची स्लिप घेऊन ते माझ्याकडे येतं, पेढ्यासकट. मी पेढा घेते आणि विमा क्रमांक विचारते. मग एप्रिल आणि ऑक्टोबरच्या शेवटी, सहामाही नोंदी वर चढल्या की, आम्ही खाली सोसायटीच्या बाकावर बसतो. प्रत्येकाने आपला फोन उघडायचा आणि आपले दिवस मोजायचे. कमी असतील तर त्याच आठवड्यात लेखी विचारायचं, पोच घ्यायची, तिच्यावर तारीख बघायची. मागच्या ऑक्टोबरात नऊ जण होते. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगाही होता, आता दुसऱ्या कारखान्यात. त्याने स्वतःची वही केली आहे. पानावर उभ्या रेघा, रोजची तारीख, आणि समोर येण्या-जाण्याची वेळ, त्याच्याच अक्षरात.